खाली

आमच्याकडे रिकाम्याला खाली म्हणतात.
रज्जाक पिंजारी गेटवर ब्रेक दाबतो, ओरडतो,
"खाली आहे भो, खाली!"
आणि मी नोंदवहीत लिहिते:
निळा, चाळीस फुटी, रिकामा.

भुसावळच्या या डेपोत अकरा वर्षं
मी रिकामेपण तपासते.
डब्यात शिरायचं, बाहेरून दारं लावून घ्यायची
आणि अंधारात उभं राहायचं.
कुठून उजेड आला, तर डबा नापास.
उजेड दिसणं वाईट
असं दुसरं काम मला माहीत नाही.

आत तुरीचा वास असतो.
मोझांबिकची तूर, जळगावच्या डाळमिलीत उतरलेली.
एकदा भिंतीवर खडूचा हिशेब सापडला,
पाच-पाचच्या रेघा, शेवटी तीनच.
कुठल्या बंदरातला कोण मोजणारा,
कशानं उठून गेला मधूनच.
पुसायचा नियम आहे. पुसला नाही.

तर निळे डबे तूर घेऊन येतात, खाली जातात.
तांबडे खाली येतात, पाइप भरून जातात.
न्हावाशेवा साडेचारशे किलोमीटर,
परत साडेचारशे.
पारोळ्याच्या अलीकडच्या ढाब्यावरून
रज्जाकनं एकदा फोटो पाठवला:
निळ्याचं तोंड मावळतीला, तांबड्याचं उगवतीला,
दोघांच्या पोटात नुसती हवा,
आणि मधल्या बाजेवर मामा-भाचे
एकाच ताटात शेवभाजी खातायत.
फोटोच्या खाली लिहिलेलं,
"नेहेते मॅडम, आम्ही वारा वाहतो."

मुंबईच्या हापिसात या वाऱ्याला रकाना आहे.
निळ्यांचा वेगळा, तांबड्यांचा वेगळा.
दर महिन्याला आकडा पडतो,
कुणीतरी चष्मा काढून डोळे चोळतं
आणि सही करतं.

यावलला आमच्या गल्लीत लग्न निघालं
की वरणाचं पातेलं फेगड्यांकडून यायचं.
काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं,
चुडामण धनजी फेगडे, सन १९६४.
चुडामणबुवांना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.
त्यांच्या पातेल्यातलं वरण
बट्टीवर ओतून घेत आम्ही मोठे झालो.
नाव होतं ते हरवू नये म्हणून,
दुसऱ्यानं शिवू नये म्हणून नव्हे.
आणि परत देताना आई त्यात
ओंजळभर गहू टाकायची.
रिकामं भांडं कुणी परत करतं का?

हे मी हापिसाला लिहिलं नाही.
लिहिलं एवढंच:
"निळ्यांचे बावीस डबे इथे उभे आहेत.
तांबड्यांना सोमवारी सहा हवेत.
सोय होईल का?"

सात आठवडे गेले.
पोचा पडला तर भरपाई कुणाची,
भाडं दिवसावर की खेपेवर,
आमच्या नावाच्या डब्यात त्यांचा माल,
गिऱ्हाईक काय म्हणेल.
मग एका गुरुवारी कागद आला.
सहाचा नाही. दोनचा.

निळ्या डब्यात तांबड्यांचे पाइप चढले.
वजनानं गाडी जरा बसली,
टायरांना जमीन नीट लागली.
रज्जाक सवयीनं ओरडायला गेला, थांबला,
मग हळूच म्हणाला, जसं काही पहिल्यांदाच,
"भरेल आहे, मॅडम."

गेटपासची वाट बघताना तो बोलला,
"तांबडा खाली आणणार होता तो आमचा मुश्ताक.
त्याची खेप गेली ना."
मी शिक्का मारत राहिले.
रकान्यात वाचलेलं सगळंच
रकान्यात नव्हतं.

काल पुन्हा एका निळ्यात उभी होते.
काळोख पक्का, डबा पास.
ओंजळभर गहू टाकावेत असं मनात आलं,
पण किडीचे नियम आहेत, दाणा सापडला तर दंड.
बाहेर आले. कुंपणाशी मुश्ताक
काचेवर फडकं फिरवत होता.
विचारलं, खाली आहे का रे?

"गाडीबी," तो म्हणाला, "मीबी."

चार डब्यांचा कागद
अजून यायचा आहे.